आठवण पक्की करण्याची आणि खरी ठेवण्याची रीत

एखादी गोष्ट आठवताना मेंदूत साठवलेला मजकूर जसाच्या तसा बाहेर येत नाही. त्या गोष्टीचे शिल्लक राहिलेले तुकडे, त्या विषयाचे आपले एरवीचे ज्ञान आणि आठवतेवेळी कानावर किंवा डोळ्यांसमोर असलेली माहिती यांची दर वेळी नव्याने जुळणी होते, आणि त्या जुळणीलाच आपण आठवण म्हणतो. ही जुळणी जितक्या वेळा करावी तितकी ती सोपी आणि पक्की होत जाते. मात्र तिच्यात एखादा चुकीचा तुकडा शिरला असेल तर तोही तितकाच पक्का होतो. म्हणूनच विद्यार्थ्याने धडा वारंवार आठवून पाहिला की त्याचा अभ्यास तयार होतो, आणि एखाद्याने अपघाताची हकिकत वारंवार सांगितली की तिच्यात कधी न घडलेले तपशील ठाण मांडून बसतात. दोघेही एकच क्रिया करत असतात. विद्यार्थ्यापाशी ताडून पाहायला पुस्तक असते आणि हकिकत सांगणाऱ्यापाशी बहुधा काहीच नसते, इतकाच फरक. अभ्यासाच्या आणि अनुभवाच्या अशा दोन्ही प्रकारच्या आठवणी कशा सांभाळाव्यात याबद्दल पुढे जे सांगितले आहे, ते बहुतांशी या एका फरकातूनच निघते.

विस्मरणाचा वेग

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या तो तोंडपाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग तीच यादी पुन्हा पाठ व्हायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो हे मोजी. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के वेळ वाचत असे, एका दिवसाने जेमतेम एक तृतीयांश आणि महिन्याने साधारण २१ टक्के. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विस्मरण पहिल्या काही तासांत झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, त्यामुळे पहिली उजळणी आठवड्याच्या शेवटी ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच दिवशी ठेवणे शहाणपणाचे ठरते. दुसरे असे की महिन्याने यादीतले फारसे काही आठवत नसतानाही ती पुन्हा शिकायला वेळ कमी लागतो, म्हणजे आठवत नाही असे वाटणारे सारेच पुसले गेलेले नसते. विसरलो म्हणून अभ्यास सोडून देणाऱ्यांना ही गोष्ट कोणीतरी वेळेवर सांगायला हवी असते.

एबिंगहाउसच्या याद्या निरर्थक होत्या हेही विसरू नये. ज्या मजकुराला अर्थ आहे आणि ज्याचा आधीच्या ज्ञानाशी धागा जुळतो, तो बराच जास्त टिकतो. म्हणून पाठ करण्याआधी समजून घेण्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

वाचण्यापेक्षा आठवण्याला वेळ द्यावा

अभ्यास करणाऱ्या बहुतेकांचा वेळ पुन्हा पुन्हा वाचण्यात जातो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एकच उतारा चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र पार उलटे होते: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवला, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटणारी बाब वेगळीच आहे. पुढे आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला असता वाचणाऱ्या गटाचाच अंदाज अधिक आशावादी होता. ओळखीचा झालेला मजकूर डोळ्यांखालून सहज सरकतो आणि ती सहजता म्हणजेच ज्ञान असे मनाला वाटते. परीक्षेत, मुलाखतीत किंवा प्रत्यक्ष कामात मात्र पुस्तक समोर नसताना आठवावे लागते, आणि त्याचा सराव वाचनातून होत नाही.

प्रत्यक्ष रीत अशी. दोन-तीन पाने लक्ष देऊन वाचावीत, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे आपल्या शब्दांत लिहावे. एखाद्या ठिकाणी अडल्यास लगेच पुस्तक उघडू नये. दोन ओळी कोऱ्या सोडून पुढे जावे आणि शेवटी त्या जागेवर परत येऊन अर्धा मिनिट तरी नेटाने आठवून पाहावे, कारण आठवण्यासाठी केलेली ती धडपडच उपयोगी पडते. त्यानंतर पुस्तक उघडावे आणि वेगळ्या रंगाच्या शाईने कागद तपासावा. जे राहून गेले ते समासात लिहावे, जे चुकले ते खोडून त्यावर बरोबर मजकूर लिहावा, आणि पुस्तकात मुळातच नसलेले जे आपण भर घालून लिहिले असेल त्याला गोल करावा. राहिलेले आणि चुकलेले सगळेच पाहतात. गोलातल्या मजकुराकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘सर्व’, ‘नेहमी’ असे शब्द लेखकाने वापरलेले नसताना आपल्या कागदावर उतरले असतील, तर आपल्या समजुतीने मजकुरात कुठे हात घातला हे तिथे उघड दिसते. दुसऱ्या दिवशी बसताना नवे पान उघडण्याआधी केवळ रंगीत शाईच्या जागा आठवून पाहाव्यात.

तपासणी गाळून केवळ आठवत राहण्यात धोका आहे. पर्यायी प्रश्नांच्या सरावात चुकीचा पर्याय निवडला आणि उत्तर ताडून पाहिले नाही, तर पुढच्या वेळी तोच पर्याय ओळखीचा वाटून बरोबर भासू लागतो. उलट उत्तर लगेच तपासले तर चूकदेखील कामी येते. ज्या चुकीच्या उत्तराबद्दल आपण छातीठोक होतो, त्याची दुरुस्ती डळमळीत उत्तराच्या दुरुस्तीपेक्षा अधिक चांगली लक्षात राहते, असे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा उत्तर पाहण्याआधी काहीतरी ठाम उत्तर लिहायला बिचकू नये.

उजळणीत अंतर किती असावे, हा प्रश्न मजकूर किती काळ टिकवायचा आहे यावरून सोडवावा. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली साडेतेराशे जणांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की आठवड्याने होणाऱ्या परीक्षेसाठी पहिला अभ्यास आणि त्यानंतरची एकच उजळणी यांतले अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के, म्हणजे साधारण दीड ते तीन दिवस असावे. वर्षभर टिकवायच्या मजकुरासाठी हेच प्रमाण ५ ते १० टक्के, म्हणजे तीन ते पाच आठवडे असावे. आदल्या रात्री एका बैठकीत केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी कामाला येतो आणि नंतर उडून जातो, त्याचे कारण हेच. परिभाषा, सनावळ्या, परक्या भाषेतले शब्द असे सुटे तुकडे असतील तर सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ साली प्रसिद्ध केलेली खोक्यांची पद्धत आजही पुरेशी आहे. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहावे. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या, अधिक दिवसांनी उघडायच्या खोक्यात टाकावी आणि चुकले की ती थेट पहिल्या खोक्यात परत आणावी. मोबाइलवरील अ‍ॅप याच तत्त्वावर चालतात आणि दिवसांचा हिशेब स्वतः ठेवतात. ज्याला जे जमेल ते वापरावे.

मजकुरावर रंग फिरवणे आणि केवळ पुनर्वाचन करणे यांचा फायदा तुटपुंजा असतो. जॉन डन्लॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराने अभ्यास करणे या दोनच पद्धतींना वरचे स्थान मिळाले.

स्मरणशक्ती सरसकट वाढते का?

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याला ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणून दाखवण्याचा सराव दीड वर्षाहून अधिक काळ दिला गेला. सुरुवातीला तो इतर कोणाहीप्रमाणे सात आकडे सांगू शके. अखेरीस ७९ आकड्यांपर्यंत पोहोचला, आणि हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. तो धावपटू होता आणि ऐकलेल्या तीन-चार आकड्यांचा गट तो शर्यतीची वेळ म्हणून ध्यानात ठेवत असे. आकड्यांऐवजी अक्षरे दिली तेव्हा मात्र तो सहावरच अडकला. स्मरणशक्ती सरसकट वाढवून देतो असे सांगणाऱ्या वर्गांच्या, खेळांच्या आणि औषधांच्या जाहिराती वाचताना हा विद्यार्थी जरूर आठवावा. वाढते ती विशिष्ट प्रकारची माहिती ओळखीच्या साच्यात बसवण्याची हातोटी, आणि ती ज्या विषयात कमवावी त्याच विषयात कामाला येते. त्यामुळे आपल्याला नक्की काय लक्षात ठेवायचे आहे, हे आधी ठरवावे आणि सराव त्याचाच करावा.

क्रमाने सांगायच्या मुद्द्यांसाठी, भाषणासाठी किंवा मोठ्या यादीसाठी जागांची पद्धत उत्तम आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्ते ती वापरत असत. रोजच्या पायाखालच्या वाटेवरच्या किंवा स्वतःच्या घरातल्या दहा ठिकाणांचा क्रम पक्का करावा आणि प्रत्येक ठिकाणी एकेका मुद्द्याचे ठसठशीत, शक्यतो हालचाल असलेले चित्र मनात ठेवावे. सांगताना मनाने त्या वाटेने चालत जावे. २०१७ साली मार्टिन ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना या पद्धतीचा सहा आठवडे रोज अर्धा तास सराव दिला, तेव्हा ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ शब्द आठवणारा गट ६२ शब्दांपर्यंत गेला. या पद्धतीने यादी आठवते. विषय समजत नाही. समजण्यासाठी वर सांगितलेला कोरा कागदच लागतो.

झोपेबद्दल थोडक्यात सांगायचे तर अभ्यासानंतरची झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. तेवढाच वेळ जागे राहण्यापेक्षा झोपेत विस्मरण कमी होते, हे जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ सालीच दाखवले होते. नियमित चालण्याचाही उपयोग होतो. वयस्कर व्यक्तींना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस जलद चालायला लावलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शरीर ताणण्याचेच व्यायाम करणाऱ्या गटात तो किंचित घटला होता.

आठवण बिघडते कशी

पुढचे शब्द एकदाच, सावकाश वाचावेत आणि पुन्हा मागे वळून पाहू नये: पलंग, विश्रांती, जाग, थकवा, स्वप्न, उशी, डुलकी, पांघरूण, घोरणे, जांभई, गुंगी, रात्र.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या ग्रंथात मूळ अमेरिकन रहिवाशांच्या एका लोककथेचा प्रयोग वर्णन केला आहे. इंग्लंडमधल्या वाचकांना ही कथा पुनःपुन्हा सांगायला लावली असता तिच्यातले अनोळखी, अतर्क्य वाटणारे भाग गळत गेले, तिथल्या वल्हवायच्या होड्यांच्या साध्या नावा झाल्या, सील या सागरी प्राण्यांच्या शिकारीची नुसती मासेमारी झाली आणि कथा वाचकांच्या अपेक्षेत बसेल इतकी सरळ झाली. कोणीही मुद्दाम बदल केला नव्हता. जिथे तुकडा हरवला तिथे प्रत्येकाच्या मनाने आपल्या परीने तर्काला धरून नवा बसवला.

बाहेरून आलेला एखादा शब्दही हेच काम करतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती दाखवून वेगाबद्दल प्रश्न विचारला. मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, असे विचारले गेलेल्यांनी ताशी सरासरी ४१ मैलांच्या आसपास वेग सांगितला. आदळण्याऐवजी एकमेकींना टेकल्या अशा अर्थाचा शब्द वापरला गेला त्यांनी ३२ मैलांच्या आसपास. दुसऱ्या एका चित्रफितीबद्दल आठवड्याने फुटलेली काच दिसली का असे विचारले असता जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी, तर ‘धडकल्या’ असा त्याहून सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी ‘हो’ म्हटले. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. प्रश्नातल्या एका क्रियापदाने आधीच घडून गेलेल्या दृश्यात भर घातली होती.

आता वरच्या यादीकडे न पाहता सांगावे: तिच्यात ‘उशी’ हा शब्द होता का? ‘नदी’ होता का? आणि ‘झोप’? उशी होता, नदी नव्हता, आणि झोपही नव्हता. अशा याद्यांवर रोडिगर आणि कॅथलीन मॅकडर्मट यांनी १९९५ साली केलेल्या प्रयोगांत न दिलेला मध्यवर्ती शब्द सुमारे निम्म्या वेळा आठवला गेला, आणि तो ऐकल्याची आठवण असल्याचे अनेकांनी खात्रीने सांगितले. इथे कोणी सूचक प्रश्न विचारला नव्हता. संबंधित शब्दांनी मनात जे उभे केले ते आणि कानांनी ऐकले ते, यांतला भेद नंतर राहिला नाही. आठवणीत होणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळ हे आहे: माहिती टिकते, पण ती पाहिली, ऐकली, वाचली की नुसती मनात आणली, ही तिची पाटी गळून पडते.

धक्कादायक प्रसंग तरी अचूक लक्षात राहतात, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांत नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे, कोणाकडून आणि काय करत असताना कळली हे लिहून घेतले. अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना तेच प्रश्न विचारले तेव्हा ११ जणांची सगळीच प्रमुख उत्तरे पहिल्या दिवसाच्या कागदाशी विसंगत निघाली, आणि तरीही एकंदरीत सर्वांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास चांगलाच भक्कम होता. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवूनही जुनी आठवण परत आली नाही. प्रसंग डोळ्यांपुढे स्वच्छ दिसतो, किंवा तो आठवताना अंगावर काटा येतो, यावरून तपशील खरा ठरत नाही.

आठवण आठवतेवेळीच का बदलू शकते, याचा एक धागा करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांच्या २००० सालच्या उंदरांवरील प्रयोगातून हाती लागला. एका आवाजाची भीती पक्की बसलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवून लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिने तयार होण्याला अटकाव करणारे औषध दिले, तर ती भीती नंतर दिसेनाशी होई; आवाज न ऐकवता तेच औषध दिले तर भीती कायम राही. जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते, असा याचा अर्थ लावला जातो. माणसाच्या गुंतागुंतीच्या आठवणींना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावण्याची घाई करू नये, पण आठवतेवेळी आपल्या भोवती कोण काय बोलत आहे याला महत्त्व द्यावे, हे मात्र माणसांवरच्या प्रयोगांवरूनही पुरेसे स्पष्ट आहे.

घडलेल्या प्रसंगाची नोंद

अपघात, भांडण, चोरी, वैद्यकीय सल्ला, महत्त्वाची तोंडी बोलणी अशा प्रसंगांची आठवण पुढे लागणार असेल तर इतर कोणाशी त्याबद्दल बोलण्याआधी ती लिहून काढावी. फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली जोडीतल्या दोघांना एकाच घटनेची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रफीत दाखवली आणि मग त्यांना आपसात बोलू दिले. बोलणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांनी नंतर केवळ जोडीदाराने पाहिलेला निदान एक तपशील स्वतः पाहिल्याप्रमाणे सांगितला. प्रामाणिक माणसेही ही चूक करतात, म्हणून प्रामाणिकपणावर विसंबून भागत नाही. लिहिण्याचा क्रमच सांभाळावा लागतो.

नोंदीवर तारीख आणि लिहिण्याची वेळ घालावी आणि प्रत्येक वाक्यात माहिती कुठून आली हे सांगावे. उदाहरणार्थ: ‘मोटारसायकल डावीकडच्या गल्लीतून आली, हे मी पाहिले. चालकाने हेल्मेट घातले होते की नाही, हे मला आठवत नाही. सिग्नल लाल होता असे शेजारी उभ्या असलेल्या माणसाने नंतर सांगितले. माझे सिग्नलकडे लक्ष नव्हते. ब्रेकचा आवाज आधी आला आणि मग धडक झाली, असे मला वाटते, पण खात्री नाही.’ पाच वाक्यांत पाहिलेले, न आठवणारे, ऐकलेले आणि अंदाजाचे अशा चार गोष्टी वेगळ्या राहिल्या आहेत. त्या अशा वेगळ्या राहिल्या तरच महिन्याने कागद उपयोगी पडतो. नंतर आणखी काही आठवले तर मूळ मजकूर खोडू नये. खाली नवी तारीख घालून ते वेगळे लिहावे.

छायाचित्रांवर फार भिस्त ठेवू नये. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली २० जणांना त्यांच्या बालपणी गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचे बनावट छायाचित्र दाखवले. ती सफर कधी झालीच नव्हती, तरी तीन मुलाखतींअखेर निम्म्या लोकांनी तिच्या काही ना काही आठवणी सांगितल्या. छायाचित्रात काय दिसते आणि ते न पाहता आपल्याला काय आठवते, हे वेगवेगळे लिहावे, आणि दुसरी गोष्ट आधी लिहावी.

दुसऱ्याला विचारताना

इथे चूक झाली तर ती दुसऱ्याच्या आयुष्यात उतरते, म्हणून हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइसलमन यांनी १९८०च्या दशकात साक्षीदारांच्या मुलाखतीची जी पद्धत आखली, तिची मूळ सूत्रे घरात, शाळेत आणि कार्यालयातही पाळता येतात. आधी त्या जागेचे, वेळेचे, आवाजांचे, तेव्हाच्या मनःस्थितीचे वातावरण मनात आणायला सांगावे. मग ‘काय झाले ते पहिल्यापासून सांग’ एवढेच म्हणावे आणि बोलणे संपेपर्यंत मध्ये तोंड घालू नये. प्रश्न त्यानंतर विचारावेत, आणि तेही समोरच्याने स्वतः उच्चारलेल्या शब्दांना धरून. ‘त्याने तुला ढकलले ना?’ या प्रश्नात उत्तर दडलेले आहे. ‘तू पडलास त्याच्या आधी काय झाले?’ या प्रश्नात नाही. ‘आठवत नाही’ हे उत्तर चालेल, असे सुरुवातीलाच सांगावे, विशेषतः लहान मुलांना. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की पहिले उत्तर चुकले असे मूल समजते आणि दुसरे देते. उत्तर मिळाल्यावर ‘बरोबर’, ‘शाबास’ असेही म्हणू नये. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ साली दाखवले की चुकीच्या माणसाला ओळखणाऱ्या साक्षीदाराला तुमची निवड बरोबर आहे एवढे सांगितले, तरी त्याची खात्री वाढते आणि आपल्याला चेहरा अधिक चांगला दिसला होता असेही त्याला वाटू लागते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रोनाल्ड कॉटन यांच्यावर १९८४ सालच्या बलात्काराच्या गुन्ह्यात आरोप ठेवला गेला आणि त्यांना दोषी ठरवले गेले, कारण पीडित स्त्रीने आधी छायाचित्रांतून आणि मग ओळख परेडमध्ये त्यांना ओळखले होते. हल्ला होत असतानाच तिने हल्लेखोराचा चेहरा ध्यानात ठेवण्याचा निश्चयाने प्रयत्न केला होता, आणि ती खोटे बोलत नव्हती. दुसऱ्या खटल्याच्या वेळी खरा गुन्हेगार न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला, तरी तिने त्याला ओळखले नाही, कारण तोवर तिच्या आठवणीतला चेहरा कॉटन यांचा झाला होता. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर १९९५ साली डीएनए चाचणीने त्यांची सुटका झाली. याच कारणासाठी आता अनेक ठिकाणी ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावे, आणि साक्षीदाराची खात्री किती हे कोणाचीही प्रतिक्रिया येण्याआधी नोंदवावे, असा आग्रह धरला जातो.

या सगळ्याचा उपयोग कोणाला खोटे ठरवण्यासाठी करू नये. आपल्यावर ओढवलेल्या मोठ्या प्रसंगाचा गाभा माणसाला सहसा आठवतो. ढळतात ते क्रम, वेळ, आकडे, नेमके शब्द, आणि अनोळखी चेहरे. सांगणाऱ्याच्या तारखा जुळत नाहीत एवढ्यावरून प्रसंग घडलाच नाही असे म्हणता येत नाही.

घरातल्या दोघांच्या एकाच प्रसंगाच्या आठवणी जुळत नसतील तर चर्चा करून एकमत करू नये. दोघांनी वेगवेगळे बसून लिहावे आणि मग पावती, तिकीट, जुना संदेश, पत्र असा तिसरा पुरावा शोधावा. तो मिळाला तर कोणाचे काय चुकले ते दोन्ही कागदांवर तारखेसह नोंदवावे. मिळाला नाही तर दोन्ही नोंदी आहेत तशा शेजारी शेजारी ठेवाव्यात, कारण दोघांना पटेल अशी तिसरी हकिकत एकदा बसून तयार केली, की थोड्याच दिवसांत ती दोघांनाही आपलीच मूळ आठवण वाटू लागते.